उपाशी पोटी दिलेल्या गोळ्या

नारायणगुड्याच्या कॉलेजात एकोणीस वर्षं मी यकृताचा धडा शिकवतेय. तापाच्या साध्या गोळीचा यकृतात थोडा भाग विषारी होतो, आणि ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य ते विष निकामी करतं. गोळ्या जास्त झाल्या की ग्लुटाथायोनचा साठा संपतो. मग विष पेशीला शक्ती पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाला चिकटतं, तिथं मुक्त मूलकं, म्हणजे पेशी पोखरणारे कण, सुटतात आणि पेशी मरत जातात. उपाशी माणसात हा साठा आधीच कमी असतो, हे वाक्य परीक्षेला येतं म्हणून मी दोनदा सांगते.

आमच्या घरात बाकी सगळे नवरात्राचा उपवास उठता-बसता, म्हणजे फक्त पहिल्या आणि शेवटच्या दिवशी, करतात. आई मात्र नऊही दिवस कपभर दुधावर आणि केळ्यावर काढायची. गेल्या वर्षी तिसऱ्या माळेला तिला ताप भरला.

"उपवास सोड गं," मी म्हटलं.

"घट बसलेत घरात. तू गोळी दे, होईन बरी."

मी तापाची गोळी दिली. नाक वाहत होतं म्हणून सर्दीचीही सुरू केली. गुडघ्यांची गोळी ती काचीगुड्याच्या मेडिकलमधून आणून वर्षानुवर्षं घ्यायची, तीही चालू ठेव म्हटलं. एकीचंही पाकीट उलटून वाचलं नाही. काय धाड भरली होती मला!

सहाव्या माळेला तिला ओकाऱ्या सुरू झाल्या. उपवासाचं पित्त, दुसरं काय, असं म्हणून मी कोकम सरबत दिलं. एक अख्खा दिवस मी त्या सरबतात घालवला. दुसऱ्या दिवशी सकाळी घटाला माळ बांधताना ती उजेडाकडे वळली, आणि तिचे डोळे हळदीसारखे पिवळे दिसले. मी धावत जाऊन तिन्ही पाकिटं पाहिली. तिन्हींत एकच औषध होतं.

सिकंदराबादच्या दवाखान्यात उताऱ्याचं सलाइन लावलं. उशीर झालाय, पण प्रयत्न करू, असं डॉक्टर म्हणाले. माझं यकृत कापून घ्या म्हणून मी त्यांच्या हातापाया पडले. माझा मधुमेह पाहून त्यांनी नाही म्हटलं. मग मी बाकावर बसून देवीला शिव्या दिल्या आणि लगेच तिचीच माफी मागितली. आत काय चाललंय याची एकेक पायरी मला पाठ होती, आणि त्यातली एकही मला थांबवता येत नव्हती.

दसऱ्याच्या दिवशी आई गेली.

भरती करताना ती शुद्धीवर होती. गोळ्या कोणी दिल्या, असं डॉक्टरांनी तिलाच विचारलं. मी तोंड उघडायच्या आत ती उशीवरून थोडी उठली. माझ्या निकालाच्या दिवशी शेजारपाजारी सांगायची, त्याच तोऱ्यात, इथल्या दखनी हिंदीत म्हणाली, "मेरी बेटी दी ना डॉक्टर साब. कॉलेज में लिव्हर इच पढाती उने. मैं तो पूछी बी नै."