तीन ग्लास आणि माझी चार वर्षं

समोर तीन ग्लास होते आणि मला एकाचाही वास येत नव्हता.

शहाद्याकडच्या एका डिस्टिलरीत मी चीफ केमिस्ट. आम्ही उसाच्या मळीपासून स्पिरिट काढतो. चेअरमन आप्पांच्या डोक्यात आलं, आता स्वतःची सिंगल माल्ट करायची. म्हणजे फक्त मोड आणलेल्या बार्लीची आणि एकाच डिस्टिलरीत बनलेली व्हिस्की. त्यासाठी पुण्याचे कन्सल्टंट आले होते. टेस्टिंगचा प्रमुख कोण, हे त्यांनी परीक्षा घेऊन ठरवायचं होतं.

परीक्षा साधी. दोन ग्लासांत जपानी सिंगल माल्ट, एकात आमच्या पहिल्या पिंपातला नमुना. निम्मं पाणी घालून, रंग कळू नये म्हणून निळ्या ग्लासांत. वेगळा कोणता ते ओळखायचं. याला ट्रँगल टेस्ट म्हणतात.

चार वर्षांपूर्वी एका तापात मला वास येणं बंद झालं, ते परत सुरू झालंच नाही. मी कुणाला सांगितलं नाही. लॅबमध्ये काचसामान धुणाऱ्या सुमनताई, नवापूरकडच्या, माझ्याच वयाच्या. त्यांना कळलं होतं. रोजचे नमुने त्या हुंगायच्या, मला सांगायच्या, मी लिहायचो. खाली सही माझी. एका वार्षिक सभेत अचूक रिपोर्टबद्दल मला शाल-श्रीफळ मिळालं. मागच्या रांगेत सुमनताई टाळ्या वाजवत होत्या. त्या शालीची घडी मी अजून मोडलेली नाही.

आज कन्सल्टंटनी ग्लास स्वतः भरले होते आणि सुमनताईंना बाहेर बसवलं होतं. मनात आलं, डावीकडचा सांगून टाकू, तीनात एक संधी आहे. बरोबर आलं तर खुर्ची माझी, आणि ताई आणखी दहा वर्षं ग्लास धुणार.

मी ग्लास खाली ठेवला. म्हणालो, "मला वास येत नाही. चार वर्षं झाली."

आप्पा माझ्याकडे वळले. "मंग रिपोर्ट कोन देत व्हतं?"

मी नाव सांगितलं.

"बलावा तिले."

ताई पदराला हात पुसत आल्या. माझ्याकडे पाहून हळूच म्हणाल्या, "सांगितलं एकदाचं?" मग ग्लासांकडे वळल्या आणि थांबल्या. "चेअरमनसाहेब, तोंडातली तंबाखू थुंकून या. मला ह्याचा वास नाही, तुमचाच येतोय."

आप्पा मुकाट्यानं बाहेर गेले. चूळ भरून आले आणि दाराशीच उभे राहिले. "आते चालंल का, ताई?"

ताईंनी प्रत्येक ग्लासातला थेंब तळहातावर घेऊन चोळला, हात वाळू दिला आणि मग हुंगला. त्यांचे वडील मोहाची दारू अशीच पारखायचे. आधी स्पिरिटचा भपका उडून जाऊ द्यायचा, मागे उरतो तो खरा माल.

"मधला वेगळा," त्या म्हणाल्या. "कडेचे दोन एकच. त्यांत चंदनाच्या खोडासारखं काहीतरी आहे, अगरबत्तीची रिकामी पुडी असते ना, तसं. मधला आपला. वाईट नाही, कच्चा आहे. पिंपात राहू द्या अजून."

कन्सल्टंट हसायलाच लागले. त्या व्हिस्कीचं पिंप एका जपानी ओकचं असतं, त्या लाकडाचा हाच वास, आणि तो सांगितल्याशिवाय भल्याभल्यांना सापडत नाही, असं त्यांनी आप्पांना समजावलं. आप्पांनी ताईंना स्वतः खुर्ची ओढून दिली.

मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. ती रास्त होती. टेस्टिंगच्या प्रमुख आता सुमनताई आहेत, सही त्यांची. मी मशीनवरचे आकडे बघतो. घरी त्या रात्री बायको म्हणाली, चार वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवलात.

धडा एवढाच. वास गेला तर डॉक्टरला सांगावं आणि साहेबालाही. मी दोन्हीकडे उशीर केला. डॉक्टर म्हणाले, लवकर आला असतात तर काही करता आलं असतं.