अडीनडीची खोली

दादा गेल्याची बातमी मला गजूभाऊंनी दिली. गजूभाऊ म्हणजे ढाणकीला दादाच्या घराला लागून राहणारे शेजारी. दोन घरांत एकच भिंत. उमरखेडला सवाऱ्या नेणारी त्यांची गाडी दादाच्याच ओट्यासमोर उभी असते. पण त्या दुपारी फोनवर त्यांचं पहिलं वाक्य ‘दादा गेले’ हे नव्हतंच. ते म्हणाले, “ताई, आम्ही घरीच होतो ना… गाडी बी दारातच होती.” मी यवतमाळला माझ्या स्वयंपाकघरात पीठ चाळत उभी. मला वाटलं, गाडीनं कोणाला तरी ठोकलं. “काय झालं ते नीट सांगा ना भाऊ,” मी ओरडलेच. तेव्हा ते रडायला लागले, आणि त्या रडण्यावरून मी समजायचं ते समजले. आता पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन गेला, पाहुणे आपापल्या गावी परतले, दादाचा फोटोही भिंतीवर लागला. माझ्या कानात मात्र अजून तेच वाक्य आहे, आम्ही घरीच होतो ना…

माझा हा थोरला भाऊ वीजखात्यात लाइनमन होता. वीज कशी येते हे ज्याला आतून ठाऊक असतं, त्याचा तिच्यावर भरवसा नसतो. दादाचा तसा कशावरच नव्हता. नळावर नाही, गॅसच्या गाडीवर नाही, पावसावर तर नाहीच नाही. “आलं त बरं, नाई आलं त आपल्यापाशी आहे,” असं तो म्हणायचा, आणि आपल्यापाशी असावं म्हणून जन्मभर जमवत राहिला. त्याच्या स्वयंपाकघरामागं एक अरुंद खोली आहे. तिथं कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेली ज्वारीची कोठी, तुरीची डाळ, मुंगवड्या, वाळवलेली गवार आणि वांग्याच्या चकत्या, गढूळ पाण्यासाठी तुरटी, भरलेलं जादा सिलिंडर, तेही संपलं तर चूल, आणि चुलीसाठी मागच्या अंगणात पऱ्हाट्यांची, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांची गंजी. दोर, टॉर्च, सेल, जुलाबावरची पुडी, तापाची गोळी, शेक घ्यायची पिशवी, बीपीचं मशीन. घरातले महत्त्वाचे कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून खुंटीला, का तर पाणी शिरलं तरी भिजू नयेत. प्रत्येक वस्तू आणताना तो एकच कारण सांगायचा, “अडीनडीले पाह्यजे.” ऐकून ऐकून घरात त्या खोलीचंच नाव अडीनडी पडलं. सुतळी कुठाय? अडीनडीत. चिंच संपली? अडीनडीतून आण. नवीन माणूस आला की गोंधळून जायचा, पण आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे.

दादाची मुलगी प्रज्ञा लहान असताना शाळेत बाईंनी विचारलं होतं, “अडीनडीला आपल्याकडे कोण धावून येतं?” बाईंना हवं होतं ‘शेजारी’. आमची प्रज्ञा उभी राहून ठणकावून म्हणाली, “अडीनडीत कोणीच येत नाही बाई, बाबा कुलूप लावतात.” आम्ही पोट धरधरून हसलो होतो. दादाही हसला. पुढं कितीतरी वर्षं हा किस्सा आमच्याकडे पाहुण्यांना चहासोबत मिळायचा. आता तो कोणी काढला तर मी उठून आत जाते.

हे वेड त्याला का लागलं, ते मला ठाऊक आहे. आम्ही लहान असताना घरात काड्याची पेटी असेलच असं नव्हतं. चूल विझली की आई दादाला एक गोवरी देऊन कोणाकडून तरी विस्तव आणायला पाठवायची. एका घरी त्याला दारातच उभं ठेवलं. आतली बाई आपलं काम करत राहिली, आणि मग कोणाला तरी म्हणाली, पण त्याला ऐकू जाईल असं, “रोज रोज ह्यायच्या चुलीले आमचाच इस्तो काहून लागते बाप्पा?” दादा कोरी गोवरी घेऊन परत आला. त्या बाईचं बोलणं त्यानं मला खूप वर्षांनी, एकदाच सांगितलं. त्या दिवशी आम्ही कालचीच भाकरी खाल्ली. पुढं मोठेपणी त्याच्या शर्टाच्या खिशात कायम काड्याची पेटी असायची. तो विडी ओढत नव्हता, सिगारेट ओढत नव्हता. लोक विचारायचे, तेव्हा तो नुसता खिसा थोपटायचा.

त्याच्याकडे राहायला जाणं म्हणजे परीक्षेला बसणं. जेवण अर्ध्यावर आलं की हा उठून मेन स्विच ओढायचा आणि अंधारात म्हणायचा, “घ्या, गेली लाइट. आता?” वहिनी मुकाट्यानं भिंत चाचपत जाऊन दिवा लावायची. मी मात्र ताटाशी बसून शंख करायची, “दादा, वरणात हात बुडाला ना माझा!” तो हसायचा, पण ते हसू वरवरचं असे. मनातून तो सतत कसली तरी वाट पाहत असायचा. काळे ढग दिसले की त्याचं जेवणावरून लक्ष उडे, आणि अमावस्या-पौर्णिमा पाळावी तसा तो सेल बदलायचा दिवस पाळायचा. त्या घरात मला कधी गाढ झोप लागली नाही.

पण त्याचं खरं ठरलं तेव्हा खरंच ठरलं. एका वर्षी पैनगंगेचं पाणी असं चढलं की उमरखेडचा रस्ता बंद, वीज बंद, दुकानांची शटरं खाली. मी यवतमाळहून फोन लावतेय, तर तोही लागेना. जिवाची नुसती तगमग. वाट मोकळी झाल्यावर गेले, तर दादाच्या ओट्यावर ही गर्दी! अडीनडीचं कुलूप काढून तो गल्लीला वाटत होता. कोणाला डाळ, कोणाला तुरटीचा खडा, कोणाला टॉर्च. गजूभाऊंच्या म्हाताऱ्या आईला जुलाब होत होते, तिला पुड्याही दादानंच दिल्या आणि पाणी कसं पाजायचं ते जवळ बसून शिकवलं. गल्ली त्याला देवमाणूस म्हणाली. पण पुढची गोष्ट मी पाहिलेली आहे. गजूभाऊंची बायको सुनंदा नव्या तुरीची डाळ घेऊन आली, तर दादा म्हणाला, “आहे आपल्यापाशी, तुमच्या लेकरायले ठेवा.” गजूभाऊ म्हणाले, उमरखेडला सोडून देतो, चला. हा बसची वाट पाहत उभा. द्यायला त्याचा हात सदा पुढं, घ्यायला मात्र मूठ आवळलेली. सुनंदा एकदा मला म्हणाली होती, “दादा आमाले कधी आपलं समजतच नाईत का वं ताई?” मी म्हटलं, स्वभाव आहे त्याचा.

आणि मग तो दिवस. वहिनीनं मला तो तुकड्यातुकड्यांनी सांगितला. जेवण झालं आणि दादा म्हणाला, छातीत जळजळ होऊन राह्यली. अंगाला घाम होता. “अडीनडीतून पित्ताची गोळी आण,” म्हणाला. तिनं आणली. मग ओवा चावून पाहिला. मग म्हणाला, पाठीत कळ येते, शेकायची पिशवी आण. वहिनी घाबरली होती. तिनं विचारलं, “गजूभाऊले आवाज देऊ काय?” दादा म्हणाला, “कायले? सगळं आहे ना आपल्यापाशी.” ती पिशवी आणायला आत गेली. पाणी गरम करून, पिशवी भरून बाहेर आली, तोवर दादा खुर्चीत एका बाजूला कलला होता. भिंतीपलीकडं सुनंदा अंगणात मिरच्या वाळत घालत होती. तिला वहिनीची किंकाळी ऐकू आली, ती आणि गजूभाऊ धावले, गाडी काढली, पण गाडीत घेताना दादाचा हात गार लागला, असं गजूभाऊ सांगतात. “मी दोनदा अडीनडीत गेली वं शालूबाई,” वहिनी म्हणाली, “भिंतीच्या तिकडं एकदाबी नाई गेली.”

लवकर नेलं असतं तर तो वाचला असता का? मला माहीत नाही. डॉक्टरांनीही काही सांगितलं नाही. पण मला दादाचा राग येतो, आणि तो इथं लिहिते. मेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. पण चांगलं तर सगळी गल्ली बोलतेय. अडीनडी हा शब्द मी आयुष्यभर ऐकला तो शेजाऱ्यांच्या, सोयऱ्यांच्या संगतीनं. अडीनडीला माणूस लागतो माणसाला. आम्ही त्या शब्दाला चार भिंती घातल्या, वर पत्रा टाकला आणि कुलूप लावलं. त्या लहानपणच्या दारात माझा भाऊ किती वेळ उभा होता कोण जाणे… मला वाटतं, तो तिथून शेवटपर्यंत हललाच नाही.

आता माझी काळजी वहिनीची आहे. प्रज्ञा पुण्याला असते. आईला घेऊन जाते म्हणाली, खूप रडली, भांडली. वहिनीचं एकच, “मी माह्यं घर सोडून कायले येऊ?” बीपी आहे, गुडघे गेले आहेत, न्हाणीतली फरशी निसरडी. मी सकाळ-संध्याकाळ फोन करते. तिनं उचलायला उशीर केला की मला काय काय दिसायला लागतं, ते लिहवत नाही. “काही झालं तर काय करशील गं?” असं विचारलं की उत्तर ठरलेलं, “अडीनडीत सगळं भरून ठेवलं आहे त्यायनं.” मध्यंतरी ती तापानं फणफणली होती. मला फोनवर म्हणाली, बरी आहे. गजूभाऊंना सांगितलं नाही, प्रज्ञाला नाही. भिंतीपलीकडून सुनंदाला खोकला ऐकू आला म्हणून कळलं. सुनंदा डबा घेऊन गेली, तर वहिनी दारातूनच म्हणाली, आहे वं माझ्यापाशी. नवरा गेला, पण त्याचं वाक्य तिच्या तोंडी ठेवून गेला.

गेल्या आठवड्यात मी उमरखेडवरून बस बदलून ढाणकीला गेले, ती भांडायचंच ठरवून. वाटेत मनाशी सगळं घोकलं होतं. एक तर पुण्याला जा, नाहीतर मला इथं राहू दे, नाहीतर निदान गजूभाऊंकडे घराची एक किल्ली दे. पण पोचल्यावर तिचं उतरलेलं तोंड पाहून मी ते भांडण उद्यावर ढकललं. दिवेलागणीच्या जरा आधी तिनं दूध तापवलं, कोमट व्हायला ठेवलं, आणि एक लहान वाटी घेतली. “येतो बाई मी,” म्हणाली आणि चपला सरकवून निघाली. मला काही कळेना, मी मागोमाग ओट्यावर आले. वहिनी गजूभाऊंच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. वाटी पदराखाली. बराच वेळ उभी राहिली. मग परत फिरली, आमच्या पायरीपर्यंत आली, माझ्याकडं पाहिलंही नाही, आणि पुन्हा गेली.

“सुनंदा…” आवाज इतका बारीक की मलाच जेमतेम ऐकू आला. मग जरा मोठ्यानं, “अवं सुनंदा, इरजण आहे काय वं थोडंसं?”

सुनंदा कणकेचे हात घेऊन धावतच बाहेर आली. “हाव, हाव, आहे ना वहिनी, आहे ना,” असं ती चार वेळा म्हणाली असेल. विरजणाला लागतं चमचाभर दही, पण तिनं वाटी काठोकाठ भरून आणली. आतून गजूभाऊ अनवाणीच बाहेर आले आणि म्हणाले, “अजून काई पाह्यजे काय वहिनी? काईबी सांगा.” वहिनीनं मानेनंच नको म्हटलं. वाटी सांडू नये म्हणून ती हळूहळू चालत परत आली, कपाळावर घाम आलेला.

उरलेलं दूध ठेवायला मी फ्रिज उघडला, तर आत दह्याचं पातेलं. त्याच सकाळी लागलेलं, घट्ट, न मोडलेलं. मी वहिनीकडं पाहिलं. “हे काय गं? दही तर आहे!”

“हाव ना, आहे,” वहिनी सुनंदाचं विरजण दुधात ढवळत म्हणाली. “पण मांगायले तोंडच उघडत नाई माह्यं. आज म्हटलं, उघडते काय पाहू.”