तातेराव समुद्रावर आडवे झाले

आमचे तातेराव भांडायला उभे राहत नाहीत, आडवे होतात. कुंभार पिंपळगावच्या पुढं गोदाकाठी आमचं गाव. वाळूचा ट्रॅक्टर पात्रात उतरला की हा साठीतला माणूस चाकापुढं जाऊन उताणा झोपतो, टोपी छातीवर ठेवतो अन् म्हणतो, "चालव." बारा वर्षांत कोणाची हिंमत झाली नाही. पण माणूस एक आणि नदी लांब. इकडं हे आडवे, तोवर तिकडं तीन ट्रॅक्टर भरून पसार.

अर्ज लिहायचं काम माझ्याकडं. एका अर्जावर शेवटी एक साहेब आले, पात्रात उतरले, बुटाला चिखल लागला म्हणून वैतागले आणि लिहून गेले, 'सदर ठिकाणी वाळू आढळून आली नाही, सबब वाळूचोरीची तक्रार निकाली काढण्यात येत आहे.' मी तो कागद फाडणार होतो. तातेरावांनी फ्रेम करून दारावर लावला. "येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचू दे की, हुशारी काय असती ते."

या लढाईत खरी अडचण झाली ती त्यांच्या बायकोची, नंदाबाईंची. हरतालिकेला वाळूचा महादेव लागतो. पूर्वी बायका नदीवर जायच्या, ओंजळभर वाळू आणायच्या, झालं. आता नदीत खडक आणि गाळ. गेल्या साली नंदाबाईंनी एका बांधकामावरून दगडाचा चुरा आणला. पिंड काही बसेना, बोटं मात्र सोलून निघाली. गल्लीत सोनूबाई राहते, तिच्या पोराचे दोन ट्रॅक्टर. तिनं घमेलंभर अस्सल गोदावरीची वाळू पाठवली. नंदाबाईंनी घमेलं तसंच परत केलं. "चोरीच्या वाळूचा महादेव मी पूजत न्हाई." आणि त्या वर्षी पिंडीवाचूनच उपास केला. अर्पिता, त्यांची लेक, जालन्यात नोकरीला. आईचा तो उपास तिच्या मनाला लागला. तिनंच या मे महिन्यात 'आई, समुद्रावर वाळूच वाळू' म्हणत दोघांना मालवणकडं धाडलं. गाडीत जागा होती म्हणून मीही.

समुद्र आम्ही तिघांनीही पहिल्यांदाच पाहिला. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे लांबच लांब जिभेसारखा वाळूचा पट्टा. टेकाडं वाळूची, त्यांवर जांभळ्या फुलांची वेल. पुण्यामुंबईची मंडळी लाटांकडं तोंड करून फोटो काढत होती. तातेरावांनी समुद्राकडं पाठ केली.

"भाऊ, ही सगळी मोकळी?"

"मोकळी."

"राखण कोण करून राह्यलं?"

"कोणीच न्हाई."

समोर एवढं सोनं, आणि चोर नाही! तातेरावांचा विश्वासच बसेना. तेवढ्यात टेकाडामागून ट्रॅक्टरचा आवाज आला. मी हात धरेपर्यंत बारा वर्षांची सवय धावत सुटली. ओल्या वाळूत, ट्रॅक्टरच्या पुढं, धोतर-बंडीसकट, छातीवर टोपी. "चालव!"

ब्रेक लागला. मागं दोराला एक होडी बांधलेली. पावसाळा तोंडावर आला की तिकडं होड्या अशा ओढून वर घेतात. ट्रॅक्टरवाल्यानं वाकून पाहिलं.

"ओ काका, उठा! होडी वर काढतंय. वाळू कोण न्हेतला हयसून?"

"आधी सगळे असंच म्हणतेत," तातेराव पडल्या पडल्या म्हणाले.

लाट आली, त्यांच्या बंडीत शिरून परत गेली. फोटोवाल्यांना समुद्रापेक्षा बरं काही सापडलं. शेवटी मी अन् ट्रॅक्टरवाल्यानं धरून त्यांना उठवलं. मी रागानं लाल. लाज त्यांची नाही, हसणाऱ्यांची वाटत होती. हसा लेको, इकडं अजून ट्रॅक्टर फक्त होडीलाच येतो.

वळून बघतो तर नंदाबाई टेकाडापाशी बसून पदरात वाळू भरत होत्या. कोरडी, बारीक, चाळून घेतल्यासारखी.

"ठिव खाली," तातेराव गरजले.

"आवं, दोन मुठी."

"एक मूठ अन् एक हायवा ट्रक, गुन्हा बराबरच. तिकडं लोकायला आडवा जातो अन् इकडं बायको पदर भरती?"

"बायकोला पण आडवं व्हा मंग. व्हा की!"

ते खरंच आडवे झाले. त्याच ओल्या अंगानं, कोरड्या वाळूत, तिच्या वाटेत. नवऱ्याला ओलांडायचं कसं? नंदाबाई क्षणभर उभ्या राहिल्या. मग पदर झटकला. वाळू वाऱ्यानं सगळी तातेरावांच्याच अंगावर गेली.

परतीच्या वाटेत नंदाबाई खिडकीकडं तोंड करून बसल्या. मी त्यांना भजी पुढं केली, तर म्हणाल्या, "भाऊजी, त्यायलाच द्या. राखण करून दमले."

घरी पोचल्यावर त्यांनी बंडी धुवायला घेतली. खिसा उलटा केला, तर भुरभुर वाळू. दुसरा खिसा, तिसरा. धोतराच्या निऱ्या, कमरेची घडी, टोपीसुद्धा. त्यांनी वर्तमानपत्र अंथरून एक एक कपडा झटकला. ओंजळभर भरली.

"हे मी आणलं न्हाई बरं का," त्या म्हणाल्या. "तुम्हीच आणलं."

तातेराव माझ्याकडं बघू लागले. मी म्हणालो, "अर्ज लिहू का? आरोपीचं नाव सांगा."

भाद्रपदात त्या वाळूचा लिंबाएवढा महादेव झाला. न टोचता, एका दमात बसला. गल्लीतल्या बायका बघून गेल्या. सोनूबाईही आली, फ्रेम वाचत बाहेरच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी नंदाबाई पिंड शिरवायला नदीवर निघाल्या. मागून तातेराव. पिंड पाण्यात सोडली तशी ती खडकांमधे विस्कटून तळाला बसली, एवढासा पांढरा ठिपका. नंदाबाई हात जोडून वळल्या.

तातेराव जागचे हलेनात. त्यांनी काठावर डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं आणि टोपी काढून हातात घेतली.

"तू व्हय पुढं," ते म्हणाले. "मी जरा थांबतो."