तिसऱ्या क्वार्टरमधला लाल सात

पडदा वर जातो तेव्हा समोर फक्त एक लांब टेबल आहे. त्यावर हिरवं कापड, चार खुर्च्या, एक माइक, एक भोंगा. मागे मानकापूरच्या हॉलचं लाकडी मैदान दिव्यांखाली चमकतंय आणि लोक अजून जागा शोधतायत. मधल्या खुर्चीत सदुसष्ट वर्षांच्या एक बाई बसल्या आहेत. निळी सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. समोर दोन पेनं, एक लाल आणि एक निळं. दोन्ही तळहातावर ओढून त्या शाई बघतात, मग माझ्याकडे न पाहता म्हणतात, "वसंतभाऊ, माइकात फुंकू नका. नाटक नोहे हे तुमचं."

या शोभाताई उमाटे. नागपुरातल्या कुठल्याही बास्केटबॉलच्या सामन्यात गुणलेखकाच्या खुर्चीत गेली चाळीस वर्षं याच बसत आल्या. मी त्यांच्या शेजारी बसलो तो अगदी अलीकडे. मी नाटकातला नट; पायांनी रंगमंच सोडला, आवाज तेवढा शिल्लक होता. व्यावसायिक लीगचे सामने नागपुरात आले तेव्हा त्यांना मराठी-हिंदी बोलणारा निवेदक हवा होता, आणि कोणीतरी माझं नाव सुचवलं. खेळातलं मला काही कळत नव्हतं. जे कळलं ते शोभाताईंनी शिकवलं.

त्या नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेत कवायतीच्या शिक्षिका होत्या. शाळेमागच्या मैदानावर दोन बास्केट होत्या, एक जरा वाकडी. तिथं त्यांनी चौतीस वर्षं मुलं-मुली घडवली. त्यांचा एक नियम होता. नवीन आलेल्या पोरानं आधी दहा सामने त्यांच्या शेजारी बसून कागद लिहायचा, तोपर्यंत चेंडूला हात लावायचा नाही. आयाबाया तक्रार घेऊन यायच्या की पोरगं खेळायला पाठवलं आणि तुम्ही लिहायला बसवलं. ताई म्हणायच्या, "लिवून पाहू द्या त्याले. दुसरा किती पळते ते तरी समजंन."

त्यांच्या कागदाची पद्धत त्यांचीच होती. सामन्याच्या चार भागांपैकी पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल शाईत, दुसरा आणि चौथा निळ्यात, हे सगळीकडेच असतं. पण असिस्ट त्या वेगळ्या लिहीत. असिस्ट म्हणजे ज्याच्या पासवर दुसऱ्यानं लगेच बास्केट केली तो पास. बाकीचे लोक त्यासाठी रेघ मारतात. ताई बास्केट करणाऱ्याचा नंबर लिहीत, तोही मराठी आकड्यात. का, असं मी विचारलं होतं. "असिस्ट एकट्याचा होते का कधी? दुसरं कोनी असल्याशिवाय तो पास वाया गेला." ही पद्धत त्यांच्या हाताखालून गेलेल्या पोरांखेरीज कोणाला ठाऊक नव्हती.

त्या पोरांपैकी दोघं नागपूरच्या संघात होते. सात नंबरचा गोलू आणि अकरा नंबरचा दुर्गेश. दुर्गेश दहा वर्षांचा असताना त्यांच्या मैदानावर आला होता. त्याची आई कामावर जायची, म्हणून संध्याकाळी पोळी तो ताईंकडेच खायचा. ताईंना स्वतःचं मूल नाही. ते त्या कधी बोलल्या नाहीत, पण त्यांच्या हुडकेश्वरच्या घरात भिंतीवर एकच फोटो आहे, आणि त्यात दुर्गेशच्या हातात त्याच्याहून मोठी बक्षिसाची ढाल आहे.

आता त्या दिवसाचा सामना. संध्याकाळी पाचला सुरू झाला. तिसरा क्वार्टर संपला तेव्हा ताईंनी पेन बदलता बदलता दुर्गेशकडे पाहत मला हळूच सांगितलं, "भाऊ, ध्यान ठेवा. पोरगं काहीतरी करून राहिलं." ते काहीतरी असं: गुण, रिबाउंड म्हणजे हुकलेला चेंडू पकडणं, असिस्ट, स्टील म्हणजे समोरच्याकडून चेंडू हिसकावणं, ब्लॉक म्हणजे फेक अडवणं, या पाचपैकी चार गोष्टींत एकाच खेळाडूनं एकाच सामन्यात दहाचा आकडा गाठायचा. ताईंनीच मला सांगितलं होतं की अमेरिकेतल्या पुरुषांच्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये, जिथं हजारो खेळाडू येऊन गेले, तिथंही ही गोष्ट अधिकृतपणे फक्त चारदा घडली आहे. नवावर अडलेले कितीतरी. एकदा तर सामना संपल्यावर चित्रीकरण पाहून एकाच्या खात्यावर दहावा असिस्ट चढवला गेला आणि लीगनं तो मानला नाही. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, घरातली शिस्त सांगावी तसं.

शेवटचा भोंगा झाला. नागपूर जिंकलं. दुर्गेशचे गुण एकवीस, रिबाउंड तेरा, स्टील दहा. असिस्टची बेरीज राहिली होती. ताईंचं दोन महिन्यांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आणि सामना संपला की डोळ्यांत थेंब घालून पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं असा डॉक्टरांचा हुकूम होता. त्या मागच्या बाकावर गेल्या.

तेवढ्यात दुर्गेश टेबलाशी आला. गळ्यात टॉवेल, घाम निथळतोय. माझ्या पाया पडला आणि ताईंच्या खुर्चीत बसला, लहानपणी बसायचा तसा. कागद जवळ ओढला. त्याच्या हातात पेन दिसलं. मला वाटलं, आपलेच आकडे बघतोय, बघू दे. मी माइकची वायर सोडवायला वळलो. वळून पाहिलं तेव्हा खुर्ची रिकामी होती.

ताई परत आल्या, चष्मा लावला, बोटानं आकडे मोजले. थांबल्या. पुन्हा मोजले.

"माया डोक्यात तं नऊ होते," त्या म्हणाल्या.

"कागदावर किती आहेत?"

"दहा." त्यांनी तिसऱ्यांदा मोजले. "दहाच हायेत." आणि त्यांनी सही केली. मग चिठ्ठीवर चार आकडे लिहून माझ्या हातात दिले.

मी ते वाचले. कसे वाचले ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून आलं. एकेक आकडा थांबून, शेवटचा सगळ्यात खालच्या आवाजात. हजारभर माणसं एकाच वेळी उभी राहिली. वीस वर्षांत माझ्या आवाजावर कोणी असं उठलं नव्हतं. दुर्गेशला पोरांनी खांद्यावर घेतलं. चित्रीकरण पडताळावं हे कोणाच्या मनातही आलं नाही. कागदावर शोभा उमाटे अशी सही होती, तेवढं पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंचा फोन आला. "भाऊ, मले डोळ्याच्या डॉक्टरकडे नेता का?"

रामदासपेठेत त्यांचे डॉक्टर होते. ऑटोत त्या सांगत राहिल्या की चाळीस वर्षांत डोक्यातला आकडा आणि कागदावरचा आकडा कधी वेगळा निघाला नाही. डॉक्टरांनी भिंतीवरच्या पाटीची सगळ्यात बारीक ओळ वाचायला लावली. ताईंनी ती उलट्या क्रमानंही वाचून दाखवली. डॉक्टर हसून म्हणाले, "काकू, डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत."

"मंग डोस्कं खराब झालं असंन," ताई म्हणाल्या. "ते कोन पायते इथं?"

मी हसलो. डॉक्टरही हसले. ताई हसल्या नाहीत. त्याच दुपारी त्यांनी लीगला कळवलं की पुढच्या सामन्यापासून दुसरा गुणलेखक पाहा. मी त्यांच्या घरी गेलो की त्या दारातून परत फिरून गॅस बंद केला का हे दोनदा बघत. दुधाचा हिशेब शेजारणीला करायला सांगत. कवायतीच्या शिक्षिकेची ताठ पाठ एका आठवड्यात वाकलेली मी पाहिली. आणि मी त्यांच्या हातचा चहा पीत गप्प बसलो. मला काही पक्कं ठाऊक नाही, असं मी मला सांगत होतो. पोरानं पेन हातात धरलं म्हणून काय झालं. खरं हे की त्या हजार माणसांचं उभं राहणं मला परत द्यायचं नव्हतं.

आठव्या दिवशी लीगनं छोटासा सत्कार ठेवला. दुर्गेशला चषक दिला, आणि ताईंना त्याच गुणपत्रकाची मूळ प्रत फ्रेम करून भेट दिली. लीगची मंडळी बाहेरगावची, त्यांचा हेतू चांगला होता. ताईंनी फ्रेम छातीशी धरून फोटो काढला. घरी जाऊन त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि निवांतपणे पहिल्यांदा वाचली. त्या सामन्यानंतर कागद त्यांच्या हाती आलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला आणि दुर्गेशला बोलावलं. दुर्गेश संत्रा बर्फीचा डबा घेऊन आला. खुशीत होता. बाहेरच्या देशातल्या एका क्लबच्या माणसाचा त्याला फोन आला होता.

"बस," ताई म्हणाल्या. "हे तुई ओळ. असिस्ट वाच."

"आता काय वाचू बाई, सगळ्यायले माहीत आहे."

"मले ऐकाचं हाय. वाच."

दुर्गेशनं फ्रेम मांडीवर घेतली. "पहिला क्वार्टर, सात, बारा, सात. दुसरा, सात, चार. तिसरा, चार, नऊ, सात."

"थांब. तिसऱ्यात सात कोन?"

"गोलू."

"गोलूची ओळ पाय आता. तिसऱ्या क्वार्टरात काय लिवलं हाय?"

दुर्गेशनं बोट खाली नेलं. ते तिथंच थांबलं. गोलूच्या ओळीत तिसऱ्या चौकटीवर ताईंनी आडवी लाल रेघ मारली होती. मलाही तेव्हा आठवलं. दुसरा क्वार्टर संपता संपता गोलूचा पाय मुरगळला होता. तिसरा सगळा क्वार्टर तो बाकावर पायाला बर्फ लावून बसला होता आणि चौथ्यात परत आला होता.

"आठ दिवस मी समजून राहिली का मीच चुकली," ताई म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. "मंग हा सात दिसला. लाल शाईत, बरोबर लाल. मराठी सात, माया सातासारखा. लीगवाल्यायले हे लिवता येते का? हे मी शिकवलं ना बाबू. या हाताले धरून शिकवलं."

"बाई..."

"गोलूच काहून लिवला रे?"

दुर्गेशनं फ्रेम मांडीवरून टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "घाई होती. पास म्हटलं का गोलूच येते हातात. लहानपणापासून त्यालेच तं देऊन राहिलो."

ताईंनी मान हलवली. मला वाटतं, त्या उत्तरावर त्यांचा विश्वास बसला, आणि तेच त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

"एकच तं होता बाई," दुर्गेश म्हणाला. "सामना संपाच्या दोन मिनिटं आधी मी पास देला तो चारवाल्यानं वाया घालवला. सोपी बास्केट होती. तो गेला असता तं दहाच होते माये. नऊवर कोनी फोन नाई करत, दहावर करते. तुमाले काय फरक पडते?"

"मी सही केली त्याच्यावर," ताई म्हणाल्या. "तुनं खोटं लिवलं असतं आन् तुनंच सही केली असती, तं मी तुले दोन शिव्या देऊन पोळी वाढली असती."

"लीगले सांगसान?"

"हाव."

"मायं नाव सांगसान?"

"नाई."

तो उठला. दाराशी थांबला, पाया पडावं की नाही असा. मग तसाच गेला. बर्फीचा डबा टेबलावर राहिला.

ताईंनी कपाटातून कागद काढला आणि चार ओळी लिहिल्या. तिसऱ्या क्वार्टरमधली सात नंबरची नोंद माझी नाही, त्या क्वार्टरमध्ये सात नंबर मैदानावर नव्हता, असिस्ट नऊ धरावेत, सही शोभा उमाटे. कोणी लिहिलं ते त्यात नव्हतं. ते पत्र लीगच्या कचेरीत मीच नेऊन दिलं. आकडा नऊ झाला. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, त्यात म्हटलं होतं की वयस्कर गुणलेखिकेकडून नजरचूक झाली. ताईंनी त्यावर काही खुलासा दिला नाही. दुर्गेशनंही दिला नाही. बाहेरच्या क्लबनं त्याला नंतर बोलावलं का, मला ठाऊक नाही.

पण एक सांगायचं राहिलं. त्या सकाळी पत्र पाकिटात घालून ताई मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. पाठ पुन्हा ताठ झाली होती. मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्यात मी एक वाक्य बोलून गेलो. "मला तेव्हाच शंका आली होती, ताई. तो तुमच्या खुर्चीत बसला होता, हातात पेन होतं."

पाकीट माझ्या हातात देता देता त्या थांबल्या.

"तुमी पायलं होतं?"

"हो."

"डॉक्टरकडे गेलो, तवाही माहीत होतं?"

मी मान खाली घातली. नाटकात अशा जागी कोणीतरी पडद्याआडून वाक्य पुरवतं. तिथं कोणी नव्हतं. समोरच्या घरात कुकरची शिट्टी झाली. ताईंनी फाटकाची कडी लावून घेतली आणि पलीकडून मला विचारलं,

"मंग मले आठ दिवस आंधळी काहून राहू देलं तुमी?"