म्हशीचं डावं शिंग

मी भाकरी थापायला बसले की आई घरातल्यांना चुरमुरे खाऊन घ्यायला सांगायची. कडेला जराशी चीर गेली तरी मी पीठ पुन्हा मळायची. कर्नाटकातल्या जोयड्यात चहाच्या दुकानावरच्या खोलीत वकिलीची पाटी लावली, तेव्हा ही खोड माझ्यासोबत जिना चढून वर आली.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. माझ्याकडे जुना कन्नड टाइपरायटर होता. एक अक्षर चुकलं तरी अख्खं पान काढून नवं घालायची. काम घटस्फोटाचं असलं तर विचारूच नका. संसार मोडलेली माणसं वाटीचमच्यावरून पुन्हा भांडतात, तेव्हा कागदात फट नको, असं मी ज्याला त्याला ऐकवायची.

रामनगरकडच्या एका खेड्यातलं जोडपं आलं. मूलबाळ नव्हतं, राजीखुशीने काडीमोड हवा होता. कागद होईपर्यंत एकाच घरात दोन चुली मांडून राहत होते. एकाच जीपने यायचे. तो पुढे बसायचा, ती मागे. तिला फक्त म्हैस हवी होती, गाभण.

"अक्का, म्हाईर अणशीला हाय," ती म्हणाली. "फॉरेस्टच्या क्वाटरसात दूध घालीन. भावाच्या दारात रिकाम्या हातानं न्हाई जायची मी."

"ने की," नवरा म्हणाला. "वर्स झालं, दुधाचा थेंब न्हाई."

मी वाटणीचा कागद टाइप केला, वाचून दाखवला. तिने अंगठा दिला. त्याने सही केली. रात्रीच्या शाळेत शिकलेली सही. ती मला त्याने दोनदा दाखवली. आणि मग मला शंका आली. कागदात लिहिलं होतं, 'डावं शिंग मोडलेली गाभण म्हैस'.

"डावं म्हणजे म्हशीचं डावं, की समोर उभं राहिलं तर तुमच्या डाव्या हाताला?"

तो विचारात पडला. खोलीच्या मधोमध उभा राहून त्याने म्हैस होऊन पाहिलं. "मग उजवं म्हणायचं," तो म्हणाला.

झालं! कागद बाद. "परवा या," मी म्हणाले. बाद कागद तिने लोणच्याच्या बरणीवर बांधायला मागून घेतला.

परवा आले तेव्हा मला नवंच सुचलं होतं. रेडी झाली तर कुणाची? टोणगा झाला तर? जुळं झालं तर? अशी चार कलमं वाढली, पण तिसऱ्या कलमात एक ओळ वाकडी बसली. पुन्हा परवा. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. ते बघणं मला तेव्हा कळायला हवं होतं.

तिसऱ्या खेपेला नवरा किटली घेऊन वर आला, मागून ती. चेहरा उजळलेला.

"चीक हाय, अक्का. खरवस करा. म्हस व्याली काल, रेडी झाली." मग खुर्चीत ऐसपैस बसून म्हणाला, "आता म्हस न्हाई द्यायची."

माझ्या मशीनमध्ये नवा कागद तयार होता. एक चूक नाही, एक खाडाखोड नाही, जुळ्यांचंसुद्धा कलम. मला इतकी लाज वाटली की किटलीकडे बघवेना. हिची म्हैस मी माझ्या हाताने घालवली होती.

तिने कनवटीतून घडी काढून टेबलावर ठेवली. लोणच्याचं तेल लागलेला तोच पहिला कागद.

"ही सही कुणाची?"

"त्यात डावं शिंग हाय," तो माझ्याकडे बोट करून म्हणाला. "ह्यास्नीच इचार. कागद चुकलाय म्हणाल्या."

खोडून शेजारी दोघांनी सही-अंगठा केला की कागद चालतो, हे मी कॉलेजात शिकले होते. खोडलेलं दिसायला वाईट, म्हणून कधी केलं नव्हतं. मी पेन घेतलं आणि 'डावं' वर रेघ मारली. रेघही वाकडीच आली. वर 'उजवं' लिहिलं आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

तो हलेना. आवाज ऐकून खालची चहावाली मंडळी जिन्यात जमली होती. त्यांच्याकडे बोट करून ती नवऱ्याला म्हणाली,

"सांग ह्यास्नी, ही सही तुजी न्हवं म्हणून. तुला सही येत न्हाई म्हणून सांग."

म्हैस गेली तरी चालेल, पण ती सही नाकारणं त्याच्याने होईना. त्याने जिन्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि खोडलेल्या जागेशेजारी सावकाश, एकेक अक्षर घोटत सही केली. तिने खाली अंगठा उठवला.

"म्हंजे चीकबी हिचाच की," तो किटलीकडे बघत पुटपुटला.

"व्हय. अक्काला मी दिला," ती म्हणाली.

मी कागद उजेडात धरला. शाई जरा पसरली होती, कोपऱ्यात तेलाचा डाग, घडीच्या चार रेघा. हे कोर्टात कसं द्यायचं? माझा हात आपसूक मशीनकडे गेला.

तिने माझं मनगट धरलं.

"अक्का, पाया पडते. नवा कागद करू नका."