चार बोटं उंच
खंडेनवमीला पुण्याहून आणलेल्या पान्यावर हळदकुंकू वाहिलं, की ग्रीसचा जुना वास येतो आणि मला डेझर्ट रोड नावाच्या हायवेजवळचा तो खडकाळ ट्रॅक आठवतो. तेव्हा आम्ही परदेशात, जॉन्सनव्हिलला नवे होतो. नवऱ्याला आयटीत नोकरी, आणि मी मेकॅनिकल इंजिनियर असून वर्षभर घरी बसलेली. मग आम्ही खडकाळ रस्त्यांवर चालणारी एक जुनी फोर बाय फोर गाडी घेतली आणि गॅरेजमध्ये मी याच पान्याने, स्वतःच्या हातांनी स्प्रिंगा बदलून ती चार बोटं उंच केली. ट्रॅकवर फोर बाय फोरवाल्यांच्या क्लबातले लोक टायरमधली हवा किती कमी करायची ते नवऱ्यालाच समजावत होते. मी गुपचूप स्टिअरिंगवर बसले. ज्या दगडांवर आधीच्या दोन गाड्या पोट टेकून अडकल्या होत्या, तिथून माझी गाडी डुलत डुलत, कुठेही न घासता वर गेली. क्लबातल्या एका म्हाताऱ्याने नवऱ्याला विचारलं, "काय केलंस रे गाडीला?" तो म्हणाला, "मी फक्त बॅटरीचा उजेड धरला. बायकोला विचारा." म्हातारा सरळ खड्यांवर उताणा पडून गाडीखाली शिरला आणि तिथूनच मला एकेक विचारू लागला. मीही शेजारी आडवी होऊन सांगत राहिले. डब्यातले पोहे गार झाले. पुढे खूप मुलाखती दिल्या, नोकरीही मिळाली. पण माझी खरी मुलाखत मी अजूनही तीच मानते, पाठीला खडे टोचत असताना झालेली.