भटियाणीचा भाऊ

आमच्या वेरीसर गावात ठाकूर म्हणाल ते सगळे सोढा राजपूत. सगळेच एकमेकांचे भाऊबंद, म्हणून सुना बाहेरून आणायच्या, आणि त्या सरहद्दीपलीकडून, जैसलमेर-बाडमेरहून. सून आली की तिचं नाव वेशीबाहेर राहतं; तिला बापाच्या कुळानं हाक मारतात. शेजारच्या वेरसाल ठाकुरांची बायको भाटी कुळातली, म्हणून भटियाणी. मी लोहाणा वाण्याची बायको, मला नाव आहे, केसर. तोंडही आहे, असं गाव म्हणतं.

भटियाणी लग्न होऊन आली आणि पुढे लढाई झाली. आगगाडी बंद पडली आणि तिचं माहेरही. सासू गेली, थोरली मुलगी गेली सासरी. नवरा असा, की दिवसभरात चार शब्द बोलला तर तीन उंटाशी. संध्याकाळी ती उगवतीच्या टेकाडाकडे तोंड करून बसायची. मी कुंपणावरून म्हणायची, "काय गं, तार आली का माहेरची?" ती नुसती हसायची.

आमच्याकडे मुलीच्या लग्नात आईचा भाऊ मायरा घेऊन येतो. दारात उभा राहून बहिणीला चुनरी पांघरतो. थोरलीच्या वेळी भाऊ येऊ शकला नाही, तेव्हा बायकांनी भटियाणीला खेजडीच्या झाडापुढे उभं केलं. झाडाला टिळा लावला आणि फांदीवरची चुनरी तिच्या डोक्यावर ओढली. नाइलाजाला तशी रीत आहे. नंतर वर्षभर मी तिच्या नवऱ्याला चिडवलं, "ठाकूर, मेहुणा वाळत चाललाय, पाणी घाला."

आता धाकट्या जतनचं लग्न ठरलं. भावाला व्हिसा या खेपेलाही नाही. भटियाणी मला म्हणाली, "केसर, झाडापुढे नाही उभी राहणार मी आता. त्यापेक्षा मायरा नको." एवढं लांब वाक्य मी तिच्या तोंडून प्रथमच ऐकलं.

त्याच आठवड्यात बचायो भट्टी दुकानात तंबाखू घ्यायला आला. गुरांचा व्यापारी, मुसलमान, मिशा अशा की आधी मिशा आत येतात. मी गंमत केली. "काय रे, तुम्ही भट्टी म्हणजे मूळचे भाटीच ना?"

"आजा तर तसंच सांगायचा. जैसलमेरहून निघालो म्हणे."

"मग बहीण शेजारी राहते तुझी, आणि तू खुशाल तंबाखू मळतोस. भाचीचं लग्न आहे, लाज वाटू दे."

तो हसला नाही. "कधी आहे लग्न?" एवढंच विचारून गेला.

मी विसरले. लग्नाच्या दिवशी ढोल ऐकून बाहेर आले तर भटियाणीच्या दारात बचायो. नवा फेटा, डोक्यावर थाळ, थाळात चुनरी, नारळ, गूळ, मागे दोन शेळ्या. मांडवातली कुजबुज थांबली. वेरसाल ठाकूर उंटाकडे बघू लागले.

बचायो म्हणाला, "जावईबापू, मेहुण्याला उन्हातच ठेवायची रीत आहे का सोढ्यांत?"

ठाकूर बाजूला झाले. भटियाणी पदर ओढून बाहेर आली. टिळा लावताना तिनं अर्धं कुंकू त्याच्या नाकावर सांडलं.

"बाई, नाव काय तुझं?" तो हळूच म्हणाला. "भाऊ काय भटियाणी म्हणणार?"

तिनं कुंकवाचं बोट पदराला पुसलं. मग म्हणाली, "उगम."

इतकी वर्षं कुंपणाला कुंपण, आणि मला ठाऊक नव्हतं.

"घे उगम," म्हणत त्यानं चुनरी पांघरली.

मग आमच्यात खुसपूस सुरू झाली. त्याला जेवायला कुठे बसवायचं, कुठल्या भांड्यात वाढायचं, पंगतीत की खेजडीखाली? हे चाललेलं असताना भटियाणी स्वतःच्या पितळी लोट्यात पाणी घेऊन सगळ्यांदेखत त्याच्यापुढे आली.

तो मागे सरला. "नाही उगम. आजानं कलमा पढला, पण बहिणीच्या दारचं पाणी आमच्या घरात अजून कुणी प्यायलेलं नाही. मी पिऊ?"

दिलेल्या बहिणीच्या घरचं पाणीही भावानं पिऊ नये, ही राजपुतांचीच रीत; म्हातारे ठाकूर माना डोलावू लागले. सख्ख्या भाटीनं याहून काय वेगळं केलं असतं? सगळ्यांची सुटका झाली, माझीही. तो भर दुपारी शेळ्या बांधून, जतनच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेला.

वरात गेल्यावर मी तिच्याकडे डोकावले. चुनरी अंगावर तशीच, लोटा मांडीशी भरलेला. म्हटलं, "झालं ना मनासारखं? आता मिरव. मिशीवाला भाऊ मिळाला."

तिनं ऐकलं की नाही, कोण जाणे. बचायो गेला त्या वाटेकडे बघत म्हणाली, "केसर, त्या अंगाला पुढची विहीर कुठे गं?"

"लांब आहे," मी म्हटलं. "आणि खारी."